नदीच्या वरच्या अंगाला

बदलापूरकराला उल्हास नदी दोनच वेळा आठवते: नळाला पाणी आलं नाही की, आणि पाणी घरात शिरलं की. एरवी ती वालिवलीच्या पुलाखालून वाहते, बॅरेजवर थोडी अडते आणि कल्याणकडे निघून जाते. अंबरनाथकरांच्या दारची नदी वालधुनी. तिच्या काठावर शके 982चं, म्हणजे 1060 सालचं शिलाहारांचं शिवमंदिर आहे. देवळाच्या भिंतीवरच्या मूर्तींपुढे माणसं माना वर करून उभी राहतात, पाण्याकडे मात्र कुणी बघत नाही. उल्हासनगरने तर नदीचं नावच घेतलं. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत जागा मिळाली आणि ऑगस्ट 1949 मध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी या वस्तीची कोनशिला बसवली. नाव नदीचं, आणि त्याची परतफेड शहराने पुढे कित्येक वर्षं जीन्स धुतलेल्या निळ्या पाण्याने केली.

ही नदी शहरात शिरण्याआधी कशी असते ते बघावं, असं बरेच दिवस मनात होतं. राजमाचीच्या डोंगरात ती उगम पावते, कर्जतच्या अलीकडे कोंदिवडे गावावरून खाली येते आणि सगळी मिळून सुमारे 120 किलोमीटर वाहून वसईच्या खाडीला मिळते. कोंदिवड्याच्या वर, राजमाचीच्या पायथ्याच्या जंगलात कोंढाण्याची बौद्ध लेणी आहेत. पावसाळ्यात तिथल्या चैत्यगृहाच्या कपाळावरून धबधबा पडतो. नदी, लेणी, धबधबा आणि वर राजमाचीची वाट हे सगळं एका गावाच्या शिवारात मिळतं, आणि आपल्याकडून लोकलने तासाभराच्या आत कर्जतपर्यंत पोहोचता येतं. तरी आमच्या भागातले लोक तिकडे फारसे जात नाहीत, कारण आमच्यासाठी पावसाळी सहल म्हणजे कोंडेश्वर. बदलापूर पूर्वेहून भोज धरणावरून रस्ता जातो, शंकराचं देऊळ आहे, कुंड आहे, वरून पडणारं पाणी आहे. रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीचा मला राग नाही. वनरूम किचनमध्ये पाच-पाच माणसं राहणाऱ्या गावाला पाण्यात उतरावंसं वाटणारच. पण कुंड खोल आहे, जवळजवळ दर वर्षी कुणीतरी बुडतं, मग जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश निघतो आणि पोरं आडवाटेने जातातच.

मी निवडला तो पितृपंधरवड्यातला मंगळवार. गणपती गेलेले असतात, पाऊस पूर्ण गेलेला नसतो, धबधब्यांना जोर असतो आणि धबधब्याखाली रांगा नसतात. सोबत भाचा होता. तो उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये राहतो. कॉलेजला दांडी मारायची म्हटल्यावर त्याने कारण विचारलं नव्हतं; विठ्ठलवाडीला गाडीत बसल्यावर फोनवर विचारलं.

“मामा, पावसात लेणी बघायला कोण जातं?”

“धबधबा आहे तिथे.”

“मग आधी सांगायचं ना!”

सकाळच्या वेळी कर्जतकडे जाणारी गाडी म्हणजे चैन. समोरच्या फलाटावर मुंबईच्या गाडीसाठी माणसं खांद्याला खांदा लावून उभी, आणि आपण खिडकीशी पाय पसरून बसलेलो. भाच्याने डबा आणला होता. शेजारच्या सिंधी मावशींनी दिलेलं दाल पकवान. कॅम्पात वाढलेल्या मराठी पोरांचा हा हक्काचा नाश्ता आहे, आणि तो गाडीतच संपेल अशी मला भीती होती.

बदलापूर सुटलं की शेतं सुरू होतात. हळवं भात पोटरीला येऊन पुढे सरकलं होतं, गरवं अजून हिरवंगार. याच टप्प्यात, बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात उभी राहिली होती. रुळांवर पाणी, दोन्ही बाजूंना पाणी, आणि गाडीत हजाराच्या वर माणसं. एनडीआरएफच्या बोटी येईपर्यंत आसपासच्या गावांतले लोक जमेल ती मदत करत होते. टीव्हीवर दिवसभर तेच चाललं होतं. आज तिथे बगळे चरत होते. पूर ओसरल्यावर नदी इतकी निरुपद्रवी दिसते की पूररेषा आखणाऱ्याचं कुणाला खरं वाटू नये, आणि वाटतही नाही. बांधकामं बघितली की कळतं.

नेरळला उजव्या हाताला माथेरान. भिवपुरी रोड आलं की डाव्या हाताला सह्याद्रीची भिंत अंगावर येते. त्या भिंतीपलीकडची एक गोष्ट भाच्याला सांगितली, कारण आमच्या तिन्ही गावांत ती फार थोड्यांना माहीत असते. पलीकडे मावळात आंध्रा नावाची नदी आहे. ती इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला, म्हणजे ते पाणी मुळात बंगालच्या उपसागराचं. टाटांनी ठोकरवाडीला धरण बांधून ते अडवलं, बोगद्यातून पश्चिमेला वळवलं आणि कड्यावरून नळांतून खाली भिवपुरीच्या वीजघरात सोडलं. हे वीजघर 1922 सालचं. वीज मुंबईला गेली. जनित्रं फिरवून झालेलं पाणी पेज नदीतून उल्हास नदीत येऊ लागलं, आणि मूळची पावसाळी नदी बारमाही झाली. उन्हाळ्यात उल्हासचं स्वतःचं पाणी फारसं उरत नाही. जीवन प्राधिकरण तेव्हा बदलापूरच्या बॅरेजवरून जे उचलतं, त्यातला मोठा वाटा या परक्या पाण्याचा असतो.

“म्हणजे एप्रिलात तुम्ही चहा करता तो आळंदीला निघालेल्या पाण्याचा,” भाचा म्हणाला.

“वाटेत अडवलेल्या.”

“तरी तीर्थच की मामा. उकळून प्या फक्त.”

कर्जतला नाक्यावरून कोंदिवड्याची टमटम मिळाली. रस्ता नदीच्या संगतीने जातो, पण नदी दिसते तुकड्या-तुकड्याने. मध्ये फार्महाऊसांच्या भिंती, रिसॉर्टच्या कमानी, ‘रिव्हर टच प्लॉट’च्या पाट्या. शेजारी बसलेल्या बाईंच्या मांडीवर करटुल्यांची पाटी होती. बाजारात विकून उरलेली परत नेत होत्या. सगळी घेतो म्हटलं तर हसल्या: “आता नको दादा, जाताना घ्या. डोंगरावर काय करताव त्यांचं?” तिथल्या तिथे ठरलं, जेवणही त्यांच्याचकडे.

गाव मागे पडलं की बैलगाडीची वाट, मग पायवाट. दोन ओहोळ ओलांडावे लागतात. पाणी गुडघ्याखाली, पण दगड शेवाळलेले. तेरड्याची गुलाबी फुलं वाटेच्या दोन्ही अंगांना, उघड्या उतारावर सोनकी नुकती फुलायला लागलेली. चढ मोठा नाही, तासाभराचा. दमवते ती झाडीतली दमट हवा. कातळ दिसायच्या बरंच आधी पाण्याचा आवाज येतो. आवाजाने भाच्याची चाल वाढली आणि मी मागे राहिलो.

झाडी एकदम संपते आणि समोर चैत्यगृह उभं राहतं, तेही पाण्याच्या पडद्याआडून. वरच्या कड्यावरून ओढा सुटतो आणि बरोबर कमानीच्या पुढ्यात कोसळतो. आत जायचं तर भिजूनच. भाचा केव्हाच पाण्याखाली जाऊन उभा होता, हात पसरून. पाण्याखाली उभं राहायचं तर इथे, कुंडात उडी नाही, खोली नाही, पायाखाली सपाट दगड. पण वरून ओढ्यासोबत बारीक खडा आला तर डोक्यात बसतो, म्हणून त्याला कडेला ओढलं. तो कडेला झाला आणि मग वर बघून म्हणाला, “मामा, हे लाकडाचं आहे?”

या लेण्याबद्दल विचारायचा पहिला प्रश्न तोच. सगळं लाकडाचं वाटतं आणि सगळं दगडाचं आहे. कमान वाकवलेल्या लाकडाच्या घाटाची, तिच्या आतल्या कडेला वाशांची टोकं बाहेर आल्यासारखी कोरलेली. वर कठड्यांच्या पट्ट्या, त्याही सुताराने सांधे जुळवावेत तशा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी वास्तू आज कुठेच उरल्या नाहीत. त्या कशा होत्या ते अशा लेण्यांवरूनच कळतं. इथे आत छताला खऱ्या लाकडाच्या फासळ्या बसवल्या होत्या. भाज्याला आणि कार्ल्याला तशा अजून बघायला मिळतात, इथल्या गेल्या. छतावर त्यांच्या जागांच्या खुणा दिसतात. म्हणजे कारागिराने केलेली नक्कल टिकली आणि जे अस्सल होतं ते कुजलं.

चैत्यगृह सुमारे 66 फूट खोल आणि 28 फूट उंच, इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचं मानतात. आत गेल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो. शेवटी स्तूप आहे, खालचा भाग झिजलेला. खांबांची गत आणखी वाईट: बऱ्याच खांबांचे पाय गेले आहेत आणि वरचे तुकडे छताला लोंबकळत राहिले आहेत. ओलीने दगड खाल्ला. ज्या धबधब्यासाठी आपण येतो त्याच पाण्याने हे लेणं वर्षानुवर्षं आतून पोखरलं आहे, हे जमिनीवरच्या डबक्यात उभं राहिल्यावर पटतं. दर्शनी भागाचा मोठा तुकडा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भूकंपात कोसळला असं सांगतात. त्याचे धोंडे अजून पुढ्यात पडले आहेत, त्यावर बसून लोक बूट काढतात.

जे उरलं आहे ते मात्र जवळून बघावं. कमानीच्या दोन्ही बाजूंना, कठड्याच्या पट्ट्यांमधल्या चौकटींत स्त्री-पुरुषांच्या जोड्या आहेत. कुणी धनुष्य धरलेलं, कुणी नाचाच्या पवित्र्यात, एकाचा गुडघा असा वळलेला की पुढचं पाऊल कुठे पडणार ते सांगता यावं. भिक्षूंच्या लेण्यात ही मंडळी काय करतात, असा प्रश्न पडतो. उत्तर सरळ आहे: लेणी खोदली भिक्षूंसाठी, पण पैसा संसारी माणसांचा, आणि छिन्नी तर संसारी माणसाच्याच हातात.

डाव्या अंगाला एका मोठ्या मूर्तीचा फक्त डोक्याचा भाग उरला आहे. चेहरा फुटलाय, पागोट्याचे पीळ शाबूत आहेत. त्याच्याजवळ ब्राह्मी अक्षरांत एक ओळ आहे: कन्हाचा शिष्य बलाक याने हे केलं. इतकंच. आमच्या खालच्या कल्याणचे व्यापारी त्या काळी बंदरावर पैसा करायचे आणि लेण्यांना दान द्यायचे. कान्हेरीच्या लेखांत कल्याणच्या दात्यांची नावं ओळीने सापडतात, कुणी टाकं दिलं, कुणी खोली दिली. दिलं म्हणणारे पुष्कळ, केलं म्हणणारा विरळा. तिकडे कन्नडजवळच्या पितळखोऱ्याला यक्षाच्या मूर्तीवर कन्हदास नावाच्या सोनाराने आपलं नाव असंच घातलं आहे. तो कन्ह आणि बलाकाचा गुरू एकच, असं म्हणायला आधार नाही. तरी सोनाराचा हात दगडावर चालत होता एवढं त्यावरून समजतं, आणि इथली पागोट्याची घडी बघताना ते खोटं वाटत नाही.

बंदरावरून माल घाटावर जायचा तो या अंगानेच. कल्याणहून नदीच्या काठाने वर यायचं, डोंगर चढायचा आणि मावळात उतरायचं. वर कार्ले, भाजे, बेडसे, खाली कोंढाणे. आज आपण ज्या मार्गाने लोकलने आलो, साधारण तोच.

शेजारचा विहार मला चैत्याइतकाच आवडला. छत लाकडी तुळयांच्या घाटाचं, मधले खांब बरेचसे पडलेले, तिन्ही बाजूंना लहान लहान खोल्या आणि खोलीत दगडी ओटा. बौद्ध भिक्षूंना वर्षावासाचा नियम असतो: आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत फिरायचं नाही, एका जागी राहायचं. म्हणजे नेमक्या याच दिवसांत ही खोली भरलेली असायची, आणि बाहेर हाच आवाज. भाचा ओट्यावर आडवा झाला. पाय मावले नाहीत.

“आमच्या बराकीच्या खोलीएवढी नाही,” तो म्हणाला, “पण भाडं नाही आणि वरचा मजला चढवायला कुणी येत नाही.”

दाल पकवान तिथेच खाल्लं. पकवान दमटपणाने मऊ पडले होते. डाळीत बुडवले तेव्हा फरक कळला नाही. कोपऱ्यात आदल्या रविवारच्या खुणा होत्या, वेफर्सची पाकिटं आणि बाटल्या. भिंतीवर कोळशाने लिहिलेली बदाम आणि बाण असलेली नावं. पुरातत्त्व खात्याची निळी पाटी बाहेर गंजत उभी आहे. याच परिसरातल्या एका नैसर्गिक गुहेत भिंतीवर रंगवलेली चित्रं, हरणाच्या शिकारीसारखे प्रसंग, सापडल्याचं खात्याने 2014 साली जाहीर केलं होतं. ती गुहा नेमकी कुठे ते पाटीवर नाही. आमच्या समोरच्या नावांकडे बघता ते बरंच आहे.

लेण्यांच्या पुढे वाट राजमाचीला चढते. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले, मध्ये उधेवाडी. पाऊस लागण्याच्या आधी काजव्यांसाठी तिथे रात्री माणसांचा पूर येतो. आम्ही किल्ल्यापर्यंत जायचं ठरवलंच नव्हतं. दरी उघडी पडते तेवढ्यापुरतं चढलो. ढग सरकला की पलीकडच्या अंगाला घाटातली रेल्वे दिसते, बोगद्यातून निघते आणि दुसऱ्या बोगद्यात शिरते. ही लाइन 1863 ची. कर्जतला मागून इंजिनं लावून बहुतेक गाड्या अजून ढकलूनच वर न्याव्या लागतात, त्यांचा घुमारा इथवर येतो. खाली सगळी उल्हास दरी, आणि तिच्यात पांढऱ्या रेघांसारखे उतरणारे कितीतरी ओढे. यातली नदी कोणती, असं भाच्याने विचारलं. सगळ्याच, असं म्हणायची वेळ होती, पण तेवढ्यात ढग खाली आला आणि वाट दिसेनाशी होण्याआधी आम्ही उतरायला लागलो.

दीड-दोन वाजता करटुलीवाल्या मावशींच्या ओटीवर ताटं मांडली गेली. तांदळाची भाकरी, करटुल्यांची भाजी, सुकटीची चटणी, आमटी, भात. भाकरी पातळ, कडेला किंचित करपलेली, चुलीचा वास असलेली. करटुल्याच्या बिया कोवळ्या होत्या, दाताखाली कचकच नाही. भाच्याने तिसरी भाकरी मागितली तेव्हा मावशी खूश झाल्या.

“रविवारी बसायला जागा नाय मिळायची. चाळीस-पन्नास ताटं होतात.”

“आणि मंगळवारी?”

“मंगळवारी तुम्ही.”

त्यांचं म्हणणं मला विचार करण्यासारखं वाटलं. जुलैत कुठेतरी कुणी बुडालं की बंदी येते, नाक्यावर गाड्या परत फिरवतात, आणि ऐन हंगामातले रविवार जातात. “बुडतात दारू पिऊन पाण्यात उतरणारे. बंद होतं आमचं. आणि बुडालेल्याला काढायला रात्री आमचीच पोरं जातात.” बंदी चुकीची, असं त्या म्हणत नव्हत्या. सरसकट नको, एवढंच. धोक्याच्या डोहांवर माणूस उभा करा, त्याला रोज द्या, लेण्यांकडे वाटाड्या बंधनकारक करा, तेही गावातलेच. हे सगळं त्यांचंच. बैठकीत सांगायला गेलं तर बायकांना कोण विचारतो, असंही म्हणाल्या. मला त्यांचा हिशेब कोंडेश्वरलाही लागू पडेलसा वाटतो.

मग धरणाचा विषय निघाला. उल्हास नदीवर कोंढाण्याला धरण बांधायला घेतलं होतं. सिंचन घोटाळ्याच्या बातम्यांमध्ये 2012 च्या सुमारास त्याचं नाव गाजलं, काम थांबलं, पुढे प्रकल्प सिडकोकडे गेला. आधी कर्जतच्या शेतीसाठी म्हणून सांगितलेलं पाणी आता नवी मुंबईकडच्या नव्या वसाहतींसाठी, असा त्याचा प्रवास.

“जमिनी जाणार म्हणतात,” मावशी म्हणाल्या. “किती वर्षं म्हणतायत. झालं तर झालं, आपल्या हातात काय? तुमच्याकडं येतं ना पाणी रोज?”

“एक दिवसाआड,” भाचा म्हणाला.

“आमच्या वरच्या वाडीला शिमग्यानंतर बोअरला नुसती हवा. ही नदी आता दिसतीय तेवढी. चैत्रात दगडं, मधी मधी डोह, त्यात म्हशी.”

“पण टाटाचं पाणी?” भाच्याने सकाळी ऐकलेलं लगेच वापरलं.

“ते खाली लागतं नदीला. कर्जतच्या पुढं. वर कसं येणार बाबा? ते तुमचं.”

भाचा माझ्याकडे बघायला लागला. मी भात कालवत होतो.

निघताना करटुली घेतली. मावशींनी वर दोन काकड्या घातल्या, त्याचे पैसे घेतले नाहीत. नाक्यावर टमटमवाला सहावं माणूस मिळेपर्यंत हलायला तयार नव्हता. ऊन पडलं होतं, कर्जतला दिवाडकरांचा वडा खाऊन गाडी गाठायची होती, आणि रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. शेवटी सहाव्या माणसाचे पैसे भाच्याने दिले आणि त्या जागेवर करटुल्यांची पिशवी ठेवली.